आज कोरड्यास काय? रात्रीच्या जेवणाची कोल्हापुरी बेगमी

संध्याकाळी साडेसहाला मी घरात पाय टाकते तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज कोरड्यास काय करायचं गं?" कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबर जे खायचं ते. उसळ, आमटी, पातळ भाजी, काहीही. शब्दात 'कोरडं' आहे, पण ताटात बहुतेक वेळा रस्साच असतो. लग्न होऊन आले तेव्हा पहिली काही वर्षं या प्रश्नाचा मी धसकाच घेतला होता. कोल्हापूरचं नाव काढलं की बाहेरच्यांना तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. तो रविवारचा, नाहीतर पाहुणे आले की. उरलेल्या सहा रात्री इथल्या घरांत काय शिजतं, ते मात्र कोणी विचारत नाही. हा लेख त्या सहा रात्रींचा आहे.

आधी माझी फजिती सांगते. एका जानेवारीत मी फ्रीजवर तक्ता लावला होता. सात दिवस, सात भाज्या, शेजारी चटणी-कोशिंबिरीचा रकाना. बुधवारपर्यंत त्याचा बोऱ्या वाजला. मंगळवारी तक्त्यात होती भोपळी मिरची आणि कपिलतीर्थ मंडईत समोर दिसला हिरवागार चाकवत. चाकवत सोडून भोपळी मिरची घेणारा माणूस कोल्हापूरचा नव्हे. तेव्हा एक गोष्ट कळली, पदार्थ आधी ठरवायचाच नाही. ठरवायचं ते सकाळी भिजत काय घालायचं एवढंच. रात्रीचं जेवण सकाळी सातला ठरतं. संध्याकाळी सातला आपण फक्त त्याला फोडणी देतो.

चटणी, वाटण आणि भिजलेलं धान्य

या तीन गोष्टी घरात असल्या तर कुठलीही रात्र पाऊण तासात निघते.

चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी. पुण्या-मुंबईकडचे लोक तिला मसाला म्हणतात, आम्ही नुसतं चटणी म्हणतो आणि पाहुण्यांचा गोंधळ होतो. एप्रिल-मे महिन्यात ऊन कडक असताना ती वर्षाची करून ठेवायची. रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची, सुकं खोबरं, धणे, तीळ, तळून कुरकुरीत केलेला कांदा, भरपूर लसूण, खडा मसाला आणि मीठ. सगळं डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, कुटून आणायचं. मापं घराघरात वेगळी असतात आणि प्रत्येक घराला आपलंच माप बरोबर वाटतं, म्हणून त्या भांडणात मी पडत नाही. एक मात्र सांगते, बरणीत कोरडाच चमचा घाला. ओला चमचा एकदा गेला की वर्षाची चटणी बुरशीला आंदण दिली असं समजा. सगळी चटणी एका बरणीत ठेवू नका. महिन्याची लहान बरणीत काढा, बाकीची मोठ्या बरणीत दाबून, वरून तेलाचा थर देऊन बंद ठेवा.

वाटण रविवारी करायचं. चार माणसांना आठवडाभर पुरेल असं माझं माप देते. सुकं खोबरं किसून एक वाटी, मध्यम कांदे तीन, लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या, दोन पेरं आलं, दोन चमचे तीळ. खोबरं वेगळं भाजायचं, मंद आचेवर, हात न थांबवता. खोबऱ्यात तेल असतं, ते एका क्षणात गुलाबीचं काळं होतं आणि मग सगळं वाटण कडू. तांबूस दिसायला लागलं की गॅस बंद करा, तापलेल्या कढईत ते आणखी एक रंग चढतं. कांदा मात्र घाईनं नको. उभा चिरून दोन चमचे तेलात दहा-बारा मिनिटं परता, कडा तपकिरी होईपर्यंत. कांदा कच्चा राहिला तर रस्सा गोडसर लागतो आणि वाटण तिसऱ्या दिवशी आंबतं. सगळं गार झाल्यावर कमीत कमी पाण्यात वाटा. वाटणात कोथिंबीर घालायचा मोह होतो, ती मी रोजच्या रोज घालते, कारण ती घातली की वाटण लवकर उतरतं. फ्रीजमध्ये हे चार-पाच दिवस राहतं. त्याहून जास्त केलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा. दोन खडे म्हणजे एका रात्रीचं कालवण.

पावसाळ्यात मिक्सरवर फार विसंबू नका. ऐन वाटणाच्या वेळी लाईट जाते. आमच्या परसात पाटा अजून आहे आणि तो शोभेला ठेवलेला नाही.

तिसरं, भिजलेलं कडधान्य. मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री निथळून कापडात बांधायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताशी मोड. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरचा गारठा असला की पुरा दिवस लागतो, तेव्हा गाठोडं तांदळाच्या डब्यात दडवून ठेवा. पावटा, काळा घेवडा, हरभरा यांना आठ तास. मसूर सगळ्यात सोयीचा, दोन तासांत भिजतो, आणि विसरलात तर न भिजवताही शिजतो.

वार आणि त्याचं जेवण

पदार्थ ठरवायचा नाही म्हटलं तरी सांगाडा लागतो. आमच्या घरी तो असा आहे. सोमवारी सासूबाईंचा उपवास सुटतो, म्हणून मुगाची मऊ खिचडी किंवा वरण-भात. मंगळवारी पालेभाजी. बुधवारी अंडी. गुरुवारी बेसनाचं काहीतरी, कारण त्या दिवशी मला ऑफिसात उशीर होतो. शुक्रवारी कडधान्य, बहुतेक वेळा अख्खा मसूर. शनिवारी चकोल्या. रविवारी दुपारी मटण, आणि रात्री दुपारचंच जे उरेल ते. तुमच्याकडं वार वेगळे असतील, अंबाबाईचे असतील, जोतिबाचे असतील. वारावर घटक बांधा, पदार्थ नको. मंगळवारी पालेभाजी एवढंच ठरलेलं असलं की मंडईत जे ताजं दिसेल ते उचलता येतं.

अख्खा मसूर, जरा सविस्तर

कोल्हापूर, सांगली, कराड या पट्ट्यात हायवेच्या ढाब्यांवर अख्खा मसूर मिळतो तो बटर घातलेला, घट्ट, रोटीबरोबर. घरचा वेगळा. जरा पातळ, भाकरी चुरून खाता येईल असा.

चार माणसांना दीड वाटी मसूर. दोन तास भिजवून, कुकरमध्ये मसुराच्या वर बोटभर पाणी ठेवून दोन शिट्ट्या. न भिजवता चार. दाणा अख्खा दिसला पाहिजे, पण बोटात दाबला की पीठ झालं पाहिजे. इथं दोन चुका होतात. टोमॅटो किंवा चिंच मसुराबरोबरच कुकरला लावली जाते. आंबटपणानं दाण्याचं साल कडक राहतं, चार शिट्ट्यांनीही शिजत नाही. आंबट नेहमी शिजल्यावर घाला. दुसरं, बोअरचं पाणी. त्यात क्षार जास्त असतात आणि डाळी-कडधान्यं त्यात आडमुठी होतात. शिजवायला नळाचं किंवा प्यायचं पाणी घ्या. "तुमच्याकडची डाळ चांगली नाही" असं दुकानदाराला सुनावण्याआधी पाणी बदलून बघा. मी सुनावून आले होते, मग परत जाऊन त्याच्याच दुकानातून तीच डाळ घेताना मान वर होत नव्हती.

फोडणीला जाड बुडाचं पातेलं. तीन पळ्या तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, दोन बारीक चिरलेले कांदे. कांदा लालसर झाला की दोन मोठे चमचे वाटण. ते तेल सोडेपर्यंत परतायचं, पाच मिनिटं तरी. मग गॅस मंद करून दीड चमचा चटणी आणि लगेच दोन चमचे पाण्याचा शिडकावा. हा शिडकावा सोडू नका. चटणी तेलात करपली की रंग काळपट येतो आणि ठसका घरभर. पण तेलाशिवायही भागत नाही, कारण मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. वरचा कट, म्हणजे तेलाचा लाल तवंग, हवा असेल तर चटणीला तेलात अर्धं मिनिट द्यायलाच हवं. कट नको असेल, डॉक्टरांनी तेल कमी सांगितलं असेल, तर एक पळी तेलात करा आणि लाल दिसलं नाही म्हणून आणखी चटणी ओतू नका.

आता एक टोमॅटो, तो गळला की शिजलेला मसूर त्यातल्या पाण्यासकट. पळीच्या पाठीनं चौथा भाग मसूर पातेल्याच्या कडेला चेचायचा, त्यानं रस्सा मिळून येतो. वर लागेल तसं उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की आलेला कट बसतो. मीठ, सुपारीएवढा गूळ. गूळ आमच्याकडच्या गुऱ्हाळाचा असतो, कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण आमटीत तो गोडीसाठी नाही, तिखटाची धार मोडायला घालायचा. गोडवा जिभेला कळला तर जास्त झाला. दहा मिनिटं मंद आचेवर उकळू द्या. कोथिंबीर, कच्चा कांदा, लिंबाची फोड.

याच रीतीनं मटकी, पावटा, काळा घेवडा. फरक शिट्ट्यांचा. मोड आलेल्या मटकीला कुकर दाखवूच नका, झाकण ठेवून वाफेवर पंधरा मिनिटं पुरतात.

भाकरी

बाहेरून सून म्हणून आलेल्या पोरींची पहिली धास्ती भाकरीची असते. माझ्या पहिल्या महिन्यातल्या भाकऱ्या बघून सासरे म्हणाले होते, "नकाशा छान काढलाय पोरीनं." तर त्यावर.

पीठ शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, आणि पंधरा दिवसांत दळलेलं. जुन्या पिठाची भाकरी चिरते, तुमचा हात कितीही चांगला असो. गिरणीत एका वेळी दोन किलोच्या वर दळून आणू नका. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या गार पाण्यात मळलेलं पीठ धरत नाही. उकळतं पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच चिकटा धरतो. एका भाकरीला एक वाटी पीठ. परातीत मधे खळगा करून अर्धी वाटी उकळतं पाणी, उलथण्यानं कालवा, हात लावण्याइतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं रगडा. दोन मिनिटं जीव लावून. रगडलेलं पीठ मऊ लागतं, कडेला भेगा पडत नाहीत. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका, एकेकीचं मळा.

परातीत कोरडं पीठ भुरभुरून, गोळा चपटा करून, बोटांनी कडेकडेनं थापत फिरवायचा. फिरत नसेल तर खाली पीठ कमी आहे. थापलेली भाकरी तव्यावर उलटी टाका, म्हणजे पिठाची बाजू वर येईल, आणि लगेच ओल्या हातानं तिच्यावर पाणी फिरवा. पाणी सुकत आलं पण पुरतं सुकलं नाही, त्या क्षणी उलथा. उशीर केला तर वरचा भाग तडकतो, घाई केली तर तव्याला चिकटतो. दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग तवा बाजूला घेऊन पहिली बाजू सरळ आचेवर. पापुद्रा सुटला, भाकरी फुगली की झाली. फुगली नाही तरी खाल्ली जाते. दूध-भाकरी कुस्करून खाताना नाहीतरी फुगलेली कोण बघतंय.

थापायला जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटा. सासूबाईंना सांगू नका.

बाकीच्या रात्री

मंगळवारच्या पालेभाजीचं आमच्याकडं गरगटं होतं. चाकवत, पालक किंवा अंबाडी, एक जुडी. अर्धी वाटी तूरडाळ, मूठभर शेंगदाणे, चमचाभर तांदळाची कणी, सगळं एकत्र कुकरला. कुकर उघडला की रवीनं घोटा, कणीमुळं ते मिळून येतं. चाकवताला ताक आणि चमचाभर बेसन, अंबाडीला गूळ, पालकाला काही नाही. वरून लसणाची फोडणी, आणि इथं हात आखडू नका. आठ-दहा पाकळ्या ठेचून, तेलात बदामी होऊ द्या, दोन सुक्या मिरच्या, आणि चरचरत भाजीवर ओता. मुलं पालेभाजी खात नाहीत ही तक्रार माझ्याकडंही होती. फोडणीचा वास त्यांच्यासमोर येऊ द्या, म्हणजे ताटाजवळ बसल्यावर ओता. अर्धं काम तिथंच होतं.

बुधवारच्या अंड्यांचा रस्सा वाटण तयार असेल तर वीस मिनिटांचा. मी अंडी उकडत बसत नाही. रस्सा खळखळ उकळला की आच कमी करायची, अंडं वाटीत फोडून अलगद रश्श्यात सोडायचं, पळी घालायची नाही, झाकण ठेवून सहा-सात मिनिटं. अंडं रस्सा पितं. उकडलेल्या अंड्याला ती चव येत नाही.

गुरुवारचं पिठलं सगळ्यांना येतं, म्हणून एवढंच. एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी, बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्या म्हणजे गाठी होत नाहीत, आणि झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या, नाहीतर कच्चं लागतं. सोबत खर्डा. तव्यावर थोड्या तेलात हिरव्या मिरच्या आणि लसूण डाग पडेपर्यंत भाजा, मीठ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडा.

शनिवारच्या चकोल्या मात्र माझ्या जिवाभावाच्या. आमच्या माहेरी कोणी आजारातून उठलं, परीक्षा संपली, पावसात भिजून आलं, की चकोल्या. एक वाटी तूरडाळ मऊ शिजवून घोटून घ्या. फोडणीत लसूण, हिंग, हळद, दोन-चार आमसुलं, एक चमचा चटणी, गुळाचा खडा. पाणी नेहमीच्या आमटीपेक्षा दुप्पट, चांगली पातळ दिसली पाहिजे. दोन वाट्या कणीक ओवा, हळद, मीठ, तेल घालून घट्ट मळा, पोळीपेक्षा जाड लाटा, शंकरपाळ्यासारख्या चकत्या कापा. आमटी खळखळ उकळत असतानाच एकेक चकती सोडा. एकदम ओतल्या तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत त्या वर येतात, मऊ होतात. गॅस बंद करताना आमटी पातळ वाटली तरच बरोबर, ताटात येईपर्यंत कणीक ती शोषून घेते. वर साजूक तूप, तेही सढळ हातानं. शेजारी दुसरं काही लागत नाही, भांडी पण कमी.

रविवारी रात्री काही करू नका. दुपारचा तांबडा रस्सा रात्री जास्त मुरलेला असतो, त्याला फक्त भात लागतो. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घरात असेल तर त्याची हीच वेळ. दाणा आखूड, शिजताना घरभर वास. दोन तास फ्रीजबाहेर राहिलेला भात सकाळच्या फोडणीसाठी ठेवायची सवय आमच्याकडंही होती, ती मी मोडली. उरलेला भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये टाका, नाहीतर पोटाला त्रास होतो, आणि तो धोका भात पुन्हा गरम केल्यानंही जात नाही.

पावसाळ्याचा डबा

जुलै लागला की कोल्हापुरातली माणसं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत राहतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आम्ही विसरलेलो नाही. पंचगंगा पात्र सोडून आली, पुणे-बंगळूर हायवे बंद, भाजी नाही, दुधाची गाडी नाही, आणि गंमत म्हणजे चहूकडं पाणी असून नळाला पाणी नाही. तेव्हापासून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एक डबा वेगळा भरते. दोन किलो शाळूचं पीठ (दर पंधरवड्याला ते वापरून नवीन), दोन किलो तांदूळ, किलोभर मसूर आणि मूग, बेसन, सांडगे, सुकं खोबरं, आमसूल, गूळ, दूध पावडरचं पाकीट, आणि हुलग्याचं भाजलेलं पीठ.

त्या शेवटच्या पिठाचं माडगं होतं. हुलगे मंद भाजून, भरडून साल पाखडून दळून आणायचे. दोन माणसांना तीन चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. दुसरीकडं तीन वाट्या पाण्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ उकळा, त्यात ते पीठ धारेनं सोडा, हलवत राहा, सात-आठ मिनिटांत दाटसर होतं. खाली उतरवून वाटीभर ताक. काही घरांत यात गूळ आणि दूध घालतात, तेही छान लागतं. बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, गॅसच्या उजेडात वाट्या भरून माडगं. २०२१ मध्ये सलग तीन रात्री हेच जेवलो आणि चौथ्या रात्री धाकट्यानं पुन्हा मागितलं.

ऐनवेळी माणसं वाढली तर

कोल्हापुरात पाहुणा फोन करून येत नाही. आला की "जेवूनच जावा" म्हणावं लागतं आणि तो खरंच जेवतो. चार माणसांचा मसूर सहांना करायचा असेल तर नुसतं पाणी ओतू नका, चव पाण्याबरोबर वाहून जाते. छोट्या कढईत एक पळी तेल, एक चमचा वाटण, अर्धा चमचा चटणी परतून त्यात दोन वाट्या उकळतं पाणी घाला, उकळी आली की ते मसुरात मिसळा. दोन बटाटे फोडी करून वेगळे उकडून टाका. एका गॅसवर भात लावा. मग हॉलमध्ये जाऊन पाहुण्यांना विचारा, भाकरी घेणार की चपाती. ते "काही पण चालंल वैनी" असंच म्हणतात, पण तेवढ्यात बटाटे शिजतात.